‘प्रकृती ठणठणीत’

आमच्या टेबलावर माणसं वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सांगायला येत. यात विनोद नाही, सरकारी नियम आहे. निराधार योजनेचं अनुदान ज्याला मिळतं, त्यानं दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि कचेरीत समक्ष हजर राहायचं. यात विधवा येत, अपंग येत, नवऱ्यानं टाकलेल्या बायका येत, आणि ज्यांच्या नावापुढे आम्ही ‘दुर्धर’ लिहायचो तेही येत. दुर्धर म्हणजे दुर्धर आजार. त्यात कॅन्सर बसतो, क्षय बसतो, पण माझ्याकडच्या फायलींमध्ये बहुतेक एचआयव्हीचे लोक असत. त्यांची वार्षिक तपासणी मी बरीच वर्षं केली. त्यातला एक शेरा मला अजून झोंबतो, म्हणून हे लिहायला बसले.

या अंकाचे संपादक फोनवर म्हणाले होते, “मॅडम, कचेरीतल्या गमतीजमती येऊ द्या.” येतील, त्याही येतील. नावं मात्र सगळी बदलली आहेत आणि कचेरी कुठली ते सांगणार नाही. पिंपरी-चिंचवडात कचेऱ्यांना तोटा नाही. आमची दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती, एवढी ओळख पुरे. अपंगांची तपासणी दुसऱ्या मजल्यावर ठेवणारा कोण महाभाग, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी दापोडीची. वडील कंपनीत फिटर. घरात घड्याळापेक्षा भोंग्यावर सगळं चाले. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली, “आम्ही जॉब कार्डावर लिहितो ना, ते बघून पुढच्या शिफ्टचा माणूस मशीनला हात घालतो. चुकीचं लिहिलं तर बोटं त्याची जातात, आपली नाही. तुझ्या फायलीचं पण तसंच असेल बघ.” मी हो हो म्हटलं. पहिल्या पगाराच्या नादात असल्या गोष्टी कोण ऐकतंय!

तपासणीचा फॉर्म दोन पानी. बाकीचे रकाने खुणांचे. दाखला जोडला की नाही, सही की अंगठा, बँकेचं खातं चालू की बंद. शेवटचा रकाना तेवढा मोकळा, त्याचं नाव शेरा. तपासणाऱ्यानं समक्ष काय पाहिलं ते तिथे लिहायचं. मग फाइल साहेबांकडे, म्हणजे नायब तहसीलदारांकडे जाते, आणि तिथून समितीपुढे. समितीपुढे एका दुपारी ढीगभर फायली असतात. त्यांना माणूस दिसत नाही, शेरा दिसतो.

माझं अक्षर चांगलं, आणि मला थोडक्यात लिहायची हौस. इतर कारकून ‘समक्ष पाहिले’ एवढंच खरडत, मला ते अळणी वाटे. एका आजोबांच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, ‘ऐकू कमी येते. अनुदान जमा झाल्याचे मात्र लगेच ऐकू येते.’ साहेबांनी बोलावून झापलं. “गायकवाड बाई, ही फाइल आहे, मासिक नाही.” पण झापताना हसत होते, वर माझ्यासाठी चहा सांगितला. तेवढ्यानं माणूस शेफारतो. मी शेफारले.

एक चांगलं काम करायला गेले आणि कसं अंगाशी आलं तेही सांगते. आमचा दत्तू शिपाई हॉलमध्ये नाव पुकारताना प्रकारही पुकारायचा. “विधवा, अमुक अमुक! दुर्धर, तमुक तमुक!” त्याचा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जायचा. मी म्हटलं, या लोकांना वेगळा वार देऊ, निवांत तपासू. मंगळवार दिला. महिनाभरात झेरॉक्सवाला, जिन्यात बसून अर्ज लिहून देणारा, चहावाला, सगळ्यांना कळलं की मंगळवारी येतात ते कोण. चहावाला मंगळवारी कागदी कप आणायला लागला. बाकीच्या वारी काचेचे ग्लास. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मंगळवार बंद केला, त्यांना इतरांच्या रांगेत मिसळून टाकलं आणि दत्तूला दम भरला की फक्त नाव पुकार. चहावाल्याला म्हटलं, “बाबा, ते माझ्याच पेनानं सह्या करतात. मलाही कागदी कपातच दे.” बिचारा ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना ग्लास.

तात्या त्याच सुमाराला यायचे. इंद्रायणीकाठच्या जुन्या गावातलं घर, पूर्वी बागायत. जमीन कारखान्यांसाठी गेली, मोबदला भावांनी आपसात वाटून घेतला, आणि आजार कळल्यावर तात्यांना गोठ्याशेजारची खोली दिली. पण माणसाचा रुबाब गेला नव्हता. पांढरा सदरा इस्त्रीचा, मिशीला पीळ. माझ्यापुढे बसले की खुर्ची भरून जायची.

“कशी आहे तब्येत, तात्या?”

“लिवा बाई, एक नंबर हाय! गोळी एक दिस चुकवली न्हाई. वजान बी वाढलंय.” त्यांनी दंड फुगवून दाखवला. “हितं दाबून बगा.”

दंड काही मी दाबला नाही, पण मला मनापासून आनंद झाला. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस दत्तूच्या खांद्यावर हात टाकून जिना चढला होता. त्या आनंदात मी लिहिलं, ‘समक्ष पाहिले. प्रकृती ठणठणीत.’ त्यांना वाचूनही दाखवलं. “झ्याक!” म्हणाले, आणि जिना गाणं गुणगुणत उतरले.

समितीनं तो शेरा वाचला आणि लिहिलं, लाभार्थी काम करण्यास सक्षम, अनुदान बंद.

तात्या पत्र घेऊन आले तेव्हा सदरा तोच होता, इस्त्री नव्हती. आवाज न चढवता म्हणाले, “बाई, म्या तुमाला खरं सांगितलं, आन् त्येचीच शिक्षा दिली व्हय?”

“तात्या, मी तुमच्या चांगल्यासाठीच...”

“म्हंजी आजारी आसायचं आन् आजारी दिसायचं बी. आसंच ना?”

मी त्यांना पुन्हा अर्ज करायला सांगितलं, फॉर्म काढून दिला. त्यांनी तो टेबलावरच ठेवला आणि गेले. नंतर कळलं, एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. मी त्या दिवशी समितीच्या नावानं बोटं मोडली, साहेबांच्या नावानं मोडली. आपणच लिहिलेल्या दोन शब्दांकडे काही माझं लक्ष गेलं नाही.

पुढच्या वर्षीची तपासणी सुरू झाली आणि मला वाटलं, यंदा शहरात कसली तरी साथ आहे. दुर्धरमधली एरवी नीटनेटकी येणारी माणसं एकेक करून रया गेल्यासारखी यायला लागली. दाढी वाढलेली, साड्या विटक्या, भर मे महिन्यात कानाला मफलर. एक पठ्ठ्या दारातून डावा पाय ओढत आला आणि टेबलापाशी पोचेपर्यंत उजवा ओढायला लागला. मी घरी येऊन ते नक्कल करून दाखवलं. घरातले सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त.

आता रेखाताईंचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

रेखाताई लातूरकडच्या. नवऱ्याबरोबर इकडे आल्या, मोशीत खोली घेतली. नवरा एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला होता, तो या आजारानं गेला. मागोमाग यांचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात पॅकिंगला जायच्या. ठेकेदाराची बारा तासांची शिफ्ट, बारा तास उभं राहून. तिथे दोनदा चक्कर येऊन पडल्या, तिसऱ्यांदा ठेकेदारानं गेटवरूनच परत पाठवलं. मग अनुदान सुरू झालं, घरी साड्यांना फॉल-पिको करू लागल्या, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्या आणि बाई सावरली. घरात त्या आणि म्हातारी सासू. अनुदान काही फार मोठं नसतं, पण त्याच्या आधारानं त्यांना ती बारा तासांची शिफ्ट टाळता येत होती. ते बंद झालं की पुन्हा ठेकेदाराच्या दारात. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, असं उभं राहायचं काम तुम्हाला झेपणार नाही.

त्या वर्षी दत्तूनं नाव पुकारलं आणि बराच वेळ कोणी आलंच नाही. मग तोच आत येऊन म्हणाला, “मॅडम, त्या जिन्यात बसल्यात. खुर्ची नेऊ का?”

खुर्चीसकट त्यांना आत आणलं. मी आधी ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, ओठ सुकलेले, दर वाक्यामागे खोकला.

“अहो रेखाताई, हे काय करून घेतलंत?”

“आजारी आहे मॅडम. लिहा.”

“गोळ्या चालू आहेत ना?”

“लिहा ना आधी. आजारी आहे म्हणून लिहा.”

मी लिहिलं, ‘समक्ष पाहिले. प्रकृती अत्यंत क्षीण.’ त्या मान वाकडी करून उलट्या बाजूनं ते वाचत होत्या, एकेक अक्षर. वाचून झाल्यावर चेहऱ्यावर असं समाधान आलं की काय सांगू! सही केली. पदर सावरून उठल्या आणि उभ्या जागी कोसळल्या.

दत्तू आणि मी त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेलो. एचआयव्हीच्या गोळ्या जिथून मिळतात तिथे एक समुपदेशक असते, गोळ्या वेळेवर घेता का, घरी कोण आहे, असं सगळं विचारून लिहून ठेवणारी. वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं रेखाताईंचं कार्ड काढून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“दोन महिने गोळ्या घ्यायला आल्याच नाहीत या. मी फोन केले तर म्हणाल्या, गावाला आहे.”

“पण का? इतकी वर्षं नियमित होत्या ना?”

मुलीनं कार्ड मिटून माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, “तुमच्या तपासणीसाठी, मॅडम.”

मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. महिन्याच्या महिन्याला सगळे गोळ्यांच्या रांगेत भेटतात. तात्या त्या रांगेत प्रत्येकाला सांगत होते, ‘गायकवाड बाईफुडं धट्टंकट्टं जाऊ नगा. ती गोड बोलती आन् नाव कापती.’ मग कोणी दाढी वाढवायचं, कोणी दोन दिवस उपाशी राहायचं, कोणी पाय ओढायचं. रेखाताईंना नाटक जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी खरोखरचं आजारी पडायचं ठरवलं. तपासणी झाली की गोळ्या परत सुरू करू, असा त्यांचा हिशेब.

पण या गोळ्यांना असला हिशेब चालत नाही. मधेच सोडल्या की आतला विषाणू वाढतो, आणि वाढताना जुन्या गोळ्यांना दाद न देणारा होऊ शकतो. रेखाताईंचं तेच झालं. वर क्षयानं गाठलं. जुन्या गोळ्या लागू पडेनात, डॉक्टरांनी पुढच्या पायरीची औषधं सुरू केली. मी विचारलं, आणि यापुढची पायरी? मुलगी म्हणाली, “फार नाहीत, मॅडम.”

मी वॉर्डात गेले. सलाइन लावलेलं होतं. डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, लिहिलंय तेच राहील ना? साहेब बदलणार नाहीत ना?”

“नाही बदलणार.”

“मग ठीक,” म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि रडले. कचेरीत इतकी वर्षं कोणासमोर डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, तिथे दत्तूसमोर घळाघळा रडले. मला स्वतःची लाज वाटत होती. पाय ओढणाऱ्या त्या माणसाची मी घरी नक्कल केली होती, तेच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. पुढच्या शिफ्टच्या माणसाची बोटं म्हणजे काय, ते वडील गेल्यावर इतक्या वर्षांनी मला कळलं.

माझी चूक तरी काय होती? खोटं तर मी काही लिहिलं नव्हतं. तात्या खरोखर ठणठणीत होते. पण ते ठणठणीत होते ते रोजच्या गोळीमुळे, पोटभर जेवणामुळे आणि अंगाला झेपेल तेवढंच काम केल्यामुळे. त्यातलं मी काही लिहिलं नाही, फक्त दंड लिहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, माणूस बरा दिसला तर समितीनं करायचं काय?”

मी म्हटलं, “साहेब, तुम्हाला चष्म्यानं नीट दिसतं. म्हणून उद्या मी तुमचा चष्मा काढून घेतला तर?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले. चिडले आहेत की विचार करताहेत ते कळेना. शेवटी म्हणाले, “नियमात बसेल असं काहीतरी लिहून आणा.”

तीन दिवस कागद खराब केले. शेवटी जमलं ते असं: ‘समक्ष पाहिले. औषध कायमचे व नियमित चालू. औषध चालू आहे म्हणून प्रकृती ठीक. कष्टाचे काम झेपणार नाही असे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे.’ यात माझी कसलीच कलाकुसर नाही. त्या समुपदेशक मुलीनं डॉक्टरांच्या मागे लागून पत्रांची सोय केली. साहेब समितीत स्वतः बोलले, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. काही फायली तरल्या, काही नाही तरल्या. सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर तो पुन्हा एक अर्धवट शेरा होईल.

तात्यांना भेटायला मी गोदामावर गेले. नवा फॉर्म, नवा मजकूर, सगळं घेऊन. त्यांनी खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. मी रेखाताईंचं सांगितलं. तात्या खाली बघत ऐकत राहिले, मिशीवरून हात फिरवत.

“म्या नुसतं सांगितलं हुतं वो,” हळूच म्हणाले. “गोळी सोडा म्हून न्हाई सांगितलं.”

“माहीत आहे तात्या. मी पण नुसतं लिहिलंच होतं.”

मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला. मग मी म्हटलं, “एक काम करा. रांगेत सांगा, काही झालं तरी गोळी सोडू नका म्हणून.”

“त्ये सांगतू. आईशप्पत सांगतू.” मग मान वर करून म्हणाले, “पर बाईवर इस्वास ठिवा, आसं मातुर न्हाई सांगनार.”

त्यांनी फॉर्म घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. कचेरीत कधी आले नाहीत.

रेखाताई त्या दुखण्यातून उठल्या. बरेच महिने गेले, क्षयाची औषधं, नवी औषधं, सासूनं शेजारपाजाऱ्यांच्या मदतीनं जमेल तशी केलेली उस्तवार. त्यांचं अनुदान पुढे चालू राहिलं, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. हल्ली तर हयातीची तपासणी मोबाइलवरही होते म्हणे. चेहरा दाखवायचा, डोळे मिचकवायचे, झालं. शेरा लिहायची सोय नाही. मला आधी त्याचं वाईट वाटलं, आता वाटत नाही.

पण रेखाताईंची त्या दुखण्यानंतरची तपासणी माझ्याच टेबलावर झाली. मी निवृत्त व्हायच्या आधीची ती शेवटचीच. दत्तूनं नाव पुकारलं आणि दारातून रेखाताई आल्या. मोरपंखी साडी, स्वतः फॉल लावलेली. केस चापूनचोपून, त्यात मोगऱ्याचा गजरा. तोंडाला पावडर. हॉलमधल्या बायका वळून बघायला लागल्या. मी मात्र आधी दाराकडे बघितलं. समितीतलं कोणी आज सहज वर आलं, म्हणजे?

त्या समोर बसल्या. पिशवीतून गोळ्यांच्या दोन डब्या काढून टेबलावर ठेवल्या, शेजारी डॉक्टरांचं पत्र.

“तात्या रांगेत म्हणाले, अशी नटून जाऊ नको. म्हटलं, गोळी घेऊन जगायचं तर जगल्यासारखं दिसायला नको का? बघू या तरी गायकवाड मॅडम काय लिहितात.”

त्या हसत होत्या, पण पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं मला दिसत होतं. मी पेन उघडलं. तो नवा मजकूर मला पाठ होता, तरी एकेक शब्द सावकाश लिहिला. मग फॉर्म फिरवून त्यांच्यापुढे ठेवला, यापुढे कुणाला उलट्या बाजूनं वाचायला लागू नये म्हणून. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं. ‘औषध चालू आहे म्हणून’ या शब्दांवर बोट ठेवून थांबल्या, पुन्हा वाचलं आणि सही केली.

डब्या पिशवीत टाकून उठल्या. दोन पावलं गेल्या आणि मागे वळल्या.

“मॅडम, खरं सांगा. कशी दिसते मी?”

“फार छान दिसताय.”

रेखाताईंनी गजऱ्याला हात लावून बघितला, टेबलाकडे परत आल्या आणि माझ्या उघड्या पेनाचं टोपण उचलून स्वतःच बसवून टाकलं.

“तेवढं लिहू नका बरं का,” म्हणाल्या.